कॉलवर फिरकी घ्यायचीय? गोठलेला चेहरा, सोलापुरी चादर की चहाची कळशी

घरून काम करणाऱ्या माणसाला टीमची फिरकी घ्यायची हुक्की आली, की पहिल्यांदा डोक्यात येतं ते स्क्रीनवर गोठून बसायचं. काही आणावं लागत नाही, काही शिकावं लागत नाही. बोलता बोलता तोंड अर्धं उघडं ठेवून थांबायचं, झालं. पण सोलापुरात बसून पुण्या-मुंबईच्या टीमबरोबर काम करत असाल, तर हा प्रकार यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. दुसरे बरेच पर्याय आहेत आणि त्यातले काही फार चांगले आहेत. निवडताना मी तीन गोष्टी बघतो: हसं कुणाचं होतंय, ऐनवेळी नेट गेलं तर काय, आणि कुणाला नाही आवडलं तर एका वाक्यात आवरतं घेता येईल का.

गोठून बसावं की नाव बदलावं?

खरं गोठणं आणि सोंगातलं गोठणं वेगळं असतं, आणि दिवसभर कॉलवर बसणाऱ्यांना ते लगेच कळतं. नेट खराब झालं की चित्र आधी धूसर होतं, चेहऱ्याचे चौकोन चौकोन पडतात, आणि चित्र थांबल्यावरही बऱ्याचदा आवाज तुटत तुटत येत राहतो. सोंग घेणारा मात्र एकदम स्वच्छ चित्रात पुतळा होतो. त्यात माणसाची पापणी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवते. ती रोखून धरायला गेलं की डोळ्यांत पाणी येतं. त्यावर उपाय आहे: डोळे अर्धवट मिटलेले असतानाच थांबायचं. खऱ्या गोठलेल्या चेहऱ्यावरही बहुतेक वेळा तसलेच भाव असतात.

चेहऱ्याचं जमलं, पण मागचं काय? मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेलेला असताना गंमत म्हणून पंखा बंद करणारा सोलापूरकर मला तरी माहीत नाही. तुम्ही पुतळा, आणि मागं कूलरच्या वाऱ्यावर पडदा नाचतोय. म्यूट करावं तर माइकवरची काट सगळ्यांना दिसते. न करावं तर गोठलेल्या चित्रातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

आणि एवढं सगळं जमवलंत तरी पुण्याच्या मंडळींना ते खरंच वाटतं, ही खरी गोची. “सोलापूरची लाइट गेली वाटतं,” म्हणून मॅडम पुढचा मुद्दा घेतात आणि तुम्ही अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तसेच बसून राहता. पुन्हा केलंत तर ‘लांडगा आला रे’ची गत. खरोखर लाइट जाईल तेव्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते नेमकं डेमोच्या दिवशी होईल. बंगल्यात इन्व्हर्टर, फायबर सगळं आहे आणि टीमलाही ते माहीत आहे, अशा माणसाने मात्र जरूर करावं. त्याच्या बाबतीत निदान आश्चर्य तरी वाटेल.

नाव बदलून ‘रीकनेक्टिंग’ ठेवायचं आणि कॅमेरा बंद करायचा, ही याचीच आळशी बहीण. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच नाव घ्यायचं जास्त मजेशीर. कॉलवर आठ चौकोन आणि आठही जणांचं नाव ‘अण्णा’. झूमवर हे चालू मीटिंगमध्ये करता येतं, होस्टने नाव बदलायची सोय बंद केली नसेल तर. गुगल मीटमध्ये नाव खात्यावरून येतं, त्यामुळे तिथं हा बेत सोडून द्या. झूमवरही हजेरीचा रिपोर्ट निघत असेल तर आधी बघून घ्या. एचआरला आठ अण्णा सापडले तर खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

मांजर की चादर?

चेहरा बदलून दाखवणाऱ्या फिल्टरची कीर्ती मोठी आहे, आणि ती मिळाली चुकून झालेल्या प्रकारांमुळे. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका बाई बॉस मीटिंगला बटाटा होऊन आल्या, आणि फिल्टर काढायचा कसा हे न कळल्यामुळे शेवटपर्यंत बटाटाच राहिल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या 394 व्या जिल्हा न्यायालयात रॉड पाँटन हे वकील मांजराच्या पिलाचा चेहरा घेऊन सुनावणीला हजर झाले. घाबरलेले डोळे इकडेतिकडे फिरवत ते न्यायाधीशांना सांगतायत की मी मांजर नाहीये. ती क्लिप तुम्ही पाहिली असेलच. दोन्हीकडे हसू आलं, कारण माणूस खरोखर अडकला होता. मुद्दाम मांजर होऊन आलेल्याला ती सर येत नाही. ‘बरं, काढा आता’ एवढंच ऐकायला मिळतं.

शिवाय बटाट्याच्या वेळचं स्नॅप कॅमेरा हे सॉफ्टवेअर 25 जानेवारी 2023 ला बंद झालं. आता झूमचे स्वतःचे इफेक्ट आणि प्राण्यांचे अवतार आहेत. सोपे आहेत, पण सगळ्यांनी पाहून झालेले. शनिवारच्या कॉलवर कुणाची लहान मुलं डोकावणार असतील तर त्यांच्यासाठी ठीक.

त्या मानाने चादर कितीतरी सरस. मांडणी अशी: घरातली एक सोलापुरी चादर दोरीवर नीट ताणून टांगायची, दिवसाउजेडी समोरून आडवा फोटो काढायचा आणि तो एक जण सोडून सगळ्यांना पाठवायचा. सोडलेला माणूस म्हणजे टीम लीड. कॉलच्या आधी प्रत्येकाने तो फोटो बॅकग्राउंडला लावायचा. सर जॉइन होतात तेव्हा पुणे, बंगळुरू, नागपूर, सगळीकडे तीच निळी-तांबडी नक्षी. कुणी काही बोलायचं नाही, काम चालू ठेवायचं. सरांनी विचारलंच तर “कुठली चादर, सर?” एवढंच. झूम, मीट, टीम्स, तिन्हीकडे फोटोचं बॅकग्राउंड चालतं, त्यामुळे कुणी काय वापरतं हा प्रश्नच येत नाही. एखाद्याचं नेट गेलं तरी बाकीचे सहा आहेतच.

याच खोडीचा दुसरा अवतार म्हणजे सहकाऱ्याच्या खोलीचा स्क्रीनशॉट काढून सगळ्यांनी तो लावायचा. परिणाम जोरदार होतो, नाकारत नाही. पण त्या फोटोत कोपऱ्यात झोपलेली आजी असते, वाळत घातलेले कपडे असतात, देवघर असतं. आपलं घर सात जणांच्या मागं बघून हसायचं की नाही, हे त्या माणसाला सगळ्यांसमोर दोन सेकंदांत ठरवावं लागतं. चादर असताना त्या वाटेला जायची गरज नाही.

स्वतःच्याच मागून स्वतः येणं

मेहनतीची तयारी असेल तर हा राजा प्रकार. आपल्या खोलीचा व्हिडिओ काढायचा: आधी काही वेळ रिकामी खोली, मग दार उघडून आपणच आत येतो, खुर्चीकडे बघतो, दचकतो आणि पाऊल न वाजवता परत जातो. हा व्हिडिओ झूमला बॅकग्राउंड म्हणून लावायचा आणि पुढे गंभीर चेहरा करून बसायचं. लॅपटॉपवरचं झूम एमपी4 आणि एमओव्ही दोन्ही घेतं.

इथं बारकावे फार आहेत. भिंतीवरचं घड्याळ आधी काढून ठेवा, नाहीतर मीटिंग दुपारी तीनची आणि मागं सकाळचे साडेनऊ. शूटिंग आणि कॉल एकाच उजेडात व्हायला हवेत. सकाळचं ऊन खिडकीतून आत येतं, दुपारी ते गेलेलं असतं, आणि नजर तिथंच अडकते. कॅलेंडरवरची अक्षरं तुम्हाला स्वतःच्या स्क्रीनवर उलटी दिसतील. घाबरून व्हिडिओ उलटा करू नका, समोरच्यांना ती सुलटच दिसतात. केसांच्या आणि कानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत असतील तर पाठीमागे एकरंगी हिरवं कापड लावतात. इथं मात्र आपली चादर कामाची नाही. तिच्यात नक्षी असते, आणि सॉफ्टवेअरला हवा असतो सपाट एक रंग. कापडाच्या दुकानातून साधं हिरवं कापड आणा.

आणि जुना लॅपटॉप असेल तर नादी लागू नका. व्हिडिओ बॅकग्राउंड लावलं की तो तापतो, आवाज करायला लागतो आणि मग तुम्ही खरोखर गोठता.

दोन बिनखर्चाचे, एक टाळण्याजोगा

टाळण्याजोगा आधी सांगतो, कारण तो सगळ्यांना सुचतो. सगळ्यांनी माइक चालू ठेवून नुसते ओठ हलवायचे, म्हणजे समोरच्याला वाटतं आपलाच हेडफोन बिघडला. तांत्रिकदृष्ट्याही तो कच्चा आहे. बोलणाऱ्याच्या चौकोनाभोवती जी कड उजळते ती उजळत नाही, आणि चाणाक्ष माणूस तिथंच पकडतो. जो पकडत नाही तो बिचारा केबल काढतो, घालतो, लॅपटॉप रीस्टार्ट करतो. ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य आपण सगळेच दिवसातून इतक्यांदा बोलतो की त्यावर आणखी एक खोटा बिघाड नको. नव्याने लागलेल्या पोरापोरींवर तर अजिबात नको. मस्करीची कुस्करी होते ती इथंच.

उलट शब्दांची पैज कुणालाच लागत नाही. कॉलच्या आधी प्रत्येकाला एक शब्द द्यायचा आणि मीटिंगमध्ये तो कामाच्या बोलण्यात बेमालूम बसवायचा. सोलापूरकराने शब्द वाटले तर मजा वाढते: शेंगाचटणी, कडक भाकरी, नंदीध्वज, टॉवेल, गड्डा (म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा). तिमाही आकड्यांच्या चर्चेत एखादी शांतपणे म्हणते, “हा सर्व्हर म्हणजे गड्ड्यातला पाळणा झालाय, वर जातो तेवढा वेळच बरं वाटतं,” आणि ज्यांना पैज माहीत आहे ते पटापट कॅमेरे बंद करतात. ज्यांना माहीत नाही त्यांना फक्त उपमा आवडते. क्लायंट कॉलवर असला तरी हा खेळ चालतो. कॅमेरा लागत नाही, सॉफ्टवेअर कुठलंही असो, नेट गेलं तर तुमची पाळी गेली इतकंच. लाजऱ्या माणसाने सुरुवात इथून करावी.

दुसरा बिनखर्चाचा प्रकार वाढत्या चहाचा, आणि माझी पसंती त्यालाच. कॉल सुरू होतो तेव्हा हातात टपरीवरचा असतो तसा चिमुकला काचेचा ग्लास. पाच-सात मिनिटांनी पुन्हा घोट घ्यायचा, पण आता कपातून. मग मोठा मग, मग स्टीलचा पेला, मग तांब्या, आणि शेवटी दोन्ही हातांनी उचललेली कळशी. रोज पाणी न येणाऱ्या गावात लहानमोठ्या भांड्यांचा तोटा नसतोच.

सगळी गंमत चेहऱ्यात आहे. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हसायचं नाही. मॅडम बोलतायत त्यावर मान डोलवत “बरोबर आहे” म्हणायचं आणि कळशीवर फुंकर मारायची, गरम असल्यासारखी. त्या फुंकरीला भलेभले फुटतात. भांडी रिकामीच ठेवा, कीबोर्डवर पाणी सांडलं तर कुणालाच हसू येणार नाही. बॅकग्राउंड आणि ब्लर दोन्ही बंद ठेवा. हातातली वस्तू ब्लरमध्ये बऱ्याचदा गायब होते, मग तुम्ही हवाच पिताय असं दिसतं. स्क्रीन शेअर चालू असताना भांडं बदलण्यात अर्थ नाही, तेव्हा तुमचा चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा झालेला असतो. सगळ्यांचे चेहरे दिसत असतात अशा गप्पांच्या वेळी बदला. आणि घरात आधी सांगून ठेवा, नाहीतर तांब्यापर्यंत पोचता पोचता मागून आवाज येतो, “काय बे, देवपूजेचा तांब्या कुणी नेला?” खरं तर हे आलं तर आणखी बरं.

प्राणी आणायचा विचार असेल तर तोही करून झालाय. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या क्रॉन्कशॉ फोल्ड फार्मने टाळेबंदीत कॉलवर यायला शेळ्या भाड्याने दिल्या, दर पाच पौंड, आणि धंदा जोरात चालला. आपल्याकडे गल्लीत शेळी फुकट मिळते, पण ती लॅपटॉपची वायर खाणार नाही याची हमी कोण देणार?

थोडक्यात निवड अशी बसते. टीम नवी असेल, अजून ओळखी व्हायच्या असतील, तर शब्दांची पैज. टीम जुनी आणि लीड खेळकर असेल तर चादर, पण त्यासाठी सात जणांनी गुपित ठेवायला हवं. एकट्याने करायचं असेल आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा सरळ ठेवता येत असेल तर कळशी. हाताशी चांगला लॅपटॉप आणि मोकळा रविवार असेल तर स्वतःच्या मागून स्वतः या.

दिवस बघून घ्या. 31 मार्चच्या आसपास अकाउंट्सवाल्यांच्या वाटेला जाऊ नका. गड्ड्याच्या आठवड्यात सोलापूरची निम्मी माणसं होम मैदानावर असतात, त्यामुळे चादरीला पुरेसे चौकोन मिळत नाहीत. आणि कॉल सुरू झाला की रेकॉर्डिंगची खूण दिसतेय का ते आधी बघा. दिसत असेल तर त्या दिवशी कपातूनच चहा प्या.