गाव चुकीच्या गटात गेलं तर हरकत कुणापुढे? परिसीमन आयोग आणि गट-गण रचना

हरकतीचा अर्ज लिहायला घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हद्द आखतंय कोण? लोकसभा-विधानसभेची हद्द परिसीमन आयोग आखतो. जिल्हा परिषदेच्या गटांचा आणि पंचायत समितीच्या गणांचा, म्हणजे त्यांच्या मतदारसंघांचा, आराखडा जिल्हाधिकारी करतात. हरकती दोन्हीकडे मागवतात, पण एकीकडे चालणारा मुद्दा दुसरीकडे चालेलच असं नाही.

परिसीमन आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष असतात. सोबत निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही. अंतिम आदेश संसदेत आणि विधानसभेत मांडतात, मात्र त्यातला काना-मात्राही तिथे बदलता येत नाही. न्यायालयाचं दारही जवळपास बंदच. उघड मनमानी असेल तर तपासता येईल, एवढं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे जे मांडायचं ते मसुद्याच्या टप्प्यावरच.

मागच्या वेळी, न्या. कुलदीप सिंग आयोगाच्या २००८ च्या आदेशाने, मराठवाड्याचा नकाशा किती हलला ते आठवा. गोपीनाथ मुंडे ज्या रेणापूरमधून निवडून येत तो मतदारसंघच राहिला नाही. परळी आणि लातूर ग्रामीण पुढे आले. उस्मानाबाद लोकसभा खुली झाली, लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव. विधानसभेचे मतदारसंघ लोकसभेला असे जोडले गेले: औसा उस्मानाबादेत, लोहा लातुरात, घनसावंगी आणि परतूर परभणीत, यवतमाळचं उमरखेड हिंगोलीत. विधानसभेचे मतदारसंघ जिल्ह्याच्या आत ठेवले होते, लोकसभेने मात्र जिल्ह्याच्या सीमा ओलांडल्या. म्हणून ‘आमचा जिल्हा वेगळा’ हा मुद्दा विधानसभेसाठी वजनदार, लोकसभेसाठी कच्चा.

गट-गणांचं काम जवळचं आणि फार घाईचं. २०२५ मध्ये प्रारूप १४ जुलैला आलं, हरकतीची मुदत २१ जुलैला संपली. ऐन पेरणी-खुरपणीच्या दिवसांत गावाला आठवडा. निर्णय विभागीय आयुक्तांचा, म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या हरकती छत्रपती संभाजीनगरला. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. एका गटाचे दोन गण होतात, त्यामुळे एक गाव हललं की दोन्ही गणांचं गणित बिघडतं.

मला खरी काळजी इथेच वाटते. मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून ही रचना राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे आली. अधिकारी कितीही सचोटीचे असले तरी त्यांची बदली सरकारच्या हाती असते, आणि निवडणूक लढवणारेच सरकार चालवतात. ब्रिटनमध्ये संसदेचे मतदारसंघ स्वतंत्र सीमा आयोग आखतात: दर आठ वर्षांनी, मोजके अपवाद सोडून सरासरी मतदारसंख्येच्या पाच टक्के इकडे-तिकडे. २०२० पासून संसदेला त्यांचे प्रस्ताव फेटाळता येत नाहीत. दुसऱ्यांनी दिलेल्या हरकती वाचून त्यावर मत नोंदवायला लोकांना वेगळी मुदत मिळते. आपल्या गटांसाठी असं मागायला काय हरकत आहे? पाणी, रस्ता, शाळा हे प्रश्न आपण आधी जिल्हा परिषद सदस्याकडे नेतो, खासदाराकडे नंतर.

तोवर ताकद कुठे लावायची? गट-गणाचं प्रारूप येणार असेल तर आधी तिथे. गावनिहाय लोकसंख्येचे आकडे आधीच काढून ठेवा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याच अर्जावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. आमचं गाव घ्या, त्याबदली अमुक गाव द्या, बेरीज अशी बसते, हे लिहा. मांजरा-दुधनेला पूर आला की रस्ता बंद होतो, बाजार आणि बस दुसऱ्या बाजूला आहेत, हे नकाशावर दाखवा. सुनावणीला स्वतः जा.

परिसीमन आयोगासाठी एकट्या गावाचा अर्ज अपुरा पडतो, कारण तिथे तालुक्याचे तुकडे जुळवले जातात. शेजारच्या आठ-दहा ग्रामसभांचे ठराव एकत्र करून तालुक्याचा पर्यायी आराखडाच न्या. सहयोगी आमदार-खासदारांना प्रस्ताव जनतेच्या आधी दिसतो. ते तुमच्या भागातले असतील तर प्रारूप निघण्याची वाट न पाहता त्यांना गाठा आणि आराखड्याची प्रत हातात द्या.