जिमनी, चौदा महिन्यांनंतर: गाडी पहिल्या दिवसापासून तयार होती, मला सात महिने लागले

जानेवारी २०२४ मध्ये घेतलेली माझी मारुती सुझुकीची पाच दारांची जिमनी (फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी, मॅन्युअल गिअर) आता १७,२०० किलोमीटर चालली आहे. त्यातलं डांबर सोडून झालेलं अंतर जेमतेम बाराशे किलोमीटर असेल. हे सगळं त्या बाराशे किलोमीटरबद्दल आहे. बाकीचं दोन वाक्यांत सांगते. गावात ती हलकी आणि सोपी चालते, हायवेवर शंभरच्या पुढे ओव्हरटेक करायचं तर आधीपासून विचार करावा लागतो. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची आहे, त्यामुळे चार माणसं आणि मुक्कामाचं सगळं सामान एकत्र मावत नाही.

मला सारखा विचारला जातो तो प्रश्न वेगळाच असतो: "ही अवघड वाटेवर चालेल का?" गाडी घेताना मीही हेच विचारत होते. आता मी उलट विचारते, की चालवणार कोण, बरोबर कोण आहे आणि अडकलात तर मागे कसे येणार?

तरी आधी गाडीकडे बघू. जमिनीपासून उंची २१० मिमी. चढाला भिडताना पुढचा बंपर लागू नये यासाठीचा कोन ३६ अंश, उतरताना मागचा ५० अंश. हे दोन्ही आकडे उत्तम आहेत. मला नडला तो तिसरा: दोन चाकांच्या मधलं पोट उंचवट्यावर टेकू नये यासाठीचा कोन, तो २४ अंश. बाहेर विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिमनीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २२५० मिमी आहे, आपल्याकडच्या पाच दारांच्या गाडीत २५९०. म्हणजे पोट ३४ सेंटिमीटरने लांब. दुसऱ्याच महिन्यात मुळशीकडे शेताचा एक बांध मी सरळ नाकासमोर चढवला. पुढची चाकं पलीकडे गेली आणि चेसी बांधावर बसली. चूक सर्वस्वी माझी होती. तोच बांध तिरका घेतला असता, एका वेळी एक चाक चढवत, तर गाडी अलगद पलीकडे गेली असती. नंतर ती तशीच गेली.

त्या दिवसानंतर गाडीत एक बांबूची काठी आली. तिच्यावर लाल रंगाच्या दोन रेघा आहेत, एक २१ सेंटिमीटरवर आणि दुसरी ३३ वर. पहिली रेघ पोटाची. दुसरी चाकाच्या मध्याची, कारण १९५/८० आर १५ टायरचा व्यास सत्तर सेंटिमीटरला जरा कमी भरतो. दगड पहिल्या रेघेच्या वर गेला तर तो दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, त्याच्यावर चाक चढवायचं. पाणी दुसऱ्या रेघेच्या वर गेलं तर मी ओढ्यात उतरत नाही. गाड्या याहून खोल पाण्यातून जातात हे मला माहीत आहे, पण माझी हद्द ही. पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेने ते सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टनला वर जायला जागा उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ते इंजिन मग ओढ्याकाठी दुरुस्त होत नाही.

मला शिकवलं ते फोर-बाय-फोर चालवणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या एका काकांनी. सैन्यात ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) त्यांची नोकरी झाली, मारुतीच्या जुन्या जिप्सीवर हात बसलेला. जिप्सीची पाटे असलेली स्प्रिंग आणि हिची कॉइल स्प्रिंग यांतला फरक ते डोळे मिटून सांगतात, पण पहिले दोन रविवार त्यांनी मला वाटेवर नेलंच नाही. तळेगावजवळच्या एका मुरमाच्या उजाड टेकाडावर नेलं आणि एकच गोष्ट करायला लावली: चढायचं, अर्ध्यात थांबायचं, इंजिन बंद पडू द्यायचं आणि सरळ रेषेत मागे यायचं.

ही कसरत मी सविस्तर लिहिते, कारण फोर-बाय-फोर घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती करताना मी पाहिलेलं नाही. चढावर गाडी दमली की नव्या माणसाचा डावा पाय आपोआप क्लच दाबतो. त्या क्षणी इंजिनाची पकड सुटते आणि गाडी मागे घरंगळते. मग ब्रेक करकचून दाबला जातो, चाकं लॉक होतात, स्टिअरिंग चालेनासं होतं, गाडी आडवी होते. उतारावर आडवी झालेली गाडी उलटायला वेळ लागत नाही. बरोबर क्रम असा: इंजिन बंद पडताच उजवा पाय ब्रेकवर घट्ट. हँडब्रेकवर भरवसा नाही. मग क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, इंजिन सुरू करायचं, क्लच हळूहळू सोडायचा आणि इंजिनाने गाडी धरली की त्यानंतरच ब्रेक हळूहळू मोकळा करायचा. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी पण ताकद जास्त) रिव्हर्सला इंजिनच गाडीला धरून ठेवतं. नजर दोन्ही आरशांत, चाकं सरळ, अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण दगडाला चाक लागून स्टिअरिंग फिरलं तर अंगठा मोडतो.

पहिल्या रविवारी मी हे बावीस वेळा केलं. सतराव्या वेळी कुठे डावा पाय स्वतःहून क्लचकडे गेला नाही.

तिसऱ्या रविवारी ब्रेक एलएसडी शिकले. या गाडीला डिफ लॉक (एका धुरीवरची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरायला लावणारी सोय) नाही. एक चाक हवेत जाऊन भिरभिरलं की गाडी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्याच चाकाला ब्रेक लावते आणि जोर त्याच धुरीवरच्या पलीकडच्या, जमिनीला टेकलेल्या चाकाकडे जातो. फक्त त्यासाठी ॲक्सिलरेटर स्थिर राहावा लागतो. मी खड्ड्यात तिरकी अडकले, दोन चाकं वर आली, आवाज झाला आणि मी घाबरून पाय काढला. पुन्हा तेच, पुन्हा काढला. काका बाहेरून म्हणाले, "ताई, पाय काढू नका. तिला काम करायला क्षणभर द्या." दिला. खडखड आवाज आला आणि गाडी बाहेर चालत आली. त्याआधी मी हीच गाडी कमकुवत आहे असं ठरवून बसले होते.

टू-एचमधून (फक्त मागच्या दोन चाकांना जोर) फोर-एचमध्ये (नेहमीच्या वेगात चारही चाकांना जोर) चालत्या गाडीत जाता येतं, चाकं सरळ असावीत. फोर-लोसाठी मात्र पूर्ण थांबायचं. कोरड्या डांबरावर फोर-एच कधीच नाही. मधे डिफरन्शियल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्यामुळे वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा फरक जिरायला जागा मिळत नाही, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ती पुस्तिका वाचलीच पाहिजे.

जुलैत राजमाचीला निघालो. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरची वाट, वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. दोन गाड्या होतो. एका ओढ्यापाशी मी काठी घेऊन पाण्यात उतरले. मध्यापर्यंत रेघ बुडली नव्हती, पण पलीकडच्या काठावर चढताना कातळ शेवाळलेला होता आणि पाण्याचा रंग गढूळ होता. गावातले एक दादा डोक्यावर इरलं घेऊन येत होते. म्हणाले, "ताई, वर रात्रभर पडलाय. आता जाल, पण संध्याकाळी परत याल का ते ओढ्याला विचारा." आम्ही तिथूनच फिरलो. गटातल्या दोघांना ते आवडलं नाही. गाडी गेली असती असं ते आजही म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण चाक घसरलं तर पुढचा टप्पा कोणता, हे मला त्या काठावर उभं राहून सांगता येत नव्हतं. माझ्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं. डिसेंबरात तीच वाट कोरडी असताना केली, टेकडीवरून खालची दरी बघत जेवलो.

तेव्हापासून माझी कसोटी हीच आहे. अवघड तुकड्यापाशी गाडी थांबवायची, खाली उतरायचं, चालत पलीकडे जाऊन परत यायचं आणि मोठ्याने सांगायचं: कोणतं चाक कुठून जाईल, कोणतं उचललं जाईल, आणि फसलं तर मागे कुठून यायचं. पहिल्यांदा हे तिन्ही न अडखळता सांगता आलं आणि गाडीनेही तसंच केलं, तेव्हा ऑगस्ट होता. शीर्षकातले सात महिने ते.

जमीन वाचायला मात्र आपल्या भागासारखी शाळा नाही. ओला मुरूम चाकाला धरतो. ओला कातळ, त्यावर हिरवी साय असली तर, अजिबात धरत नाही. काळ्या मातीची पाणंद पावसात सर्वांत फसवी. माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि चार-पाच फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, मग फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकं एकत्र घसरणार. आणि ट्रॅक्टरची चाकोरी! ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्यांत जिमनीची चाकं घातली की मधला उंचवटा थेट पोटाला लागतो. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेवर ठेवून जायचं.

कोकणात सड्यावरच्या जांभ्याने मला एक टायर घालवायला लावला. दगड धारदार होते, मी हवा कमी केली होती आणि चाक दगडाला खेटून वळवलं, कडेची भिंत चिरली. हवा कमी केल्यावर टायर पसरतो आणि पकड वाढते, हे खरं, पण त्याच वेळी त्याच्या कडेला फुगवटा येतो आणि तीच त्याची सर्वांत नाजूक जागा. आता मी मातीत-दगडात १८ पीएसआयपर्यंत उतरते, धारदार दगडात २२ च्या खाली जात नाही, आणि डांबर लागलं की गाडीवरच्या स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत हवा भरल्याशिवाय पुढे निघत नाही. त्यामुळे पंप आणि हवेचं मीटर ही माझ्या मते पहिली खरेदी. मोठे टायर, लिफ्ट किट, छतावरचे दिवे यातलं मी काहीही लावलेलं नाही. एका दुकानात मला पहिल्याच दिवशी हे सगळं घ्यायला सांगत होते.

ओढून काढायचं सामान मात्र घेतलं आणि त्यातही आधी चूक केली. ऑनलाइन मागवलेला पट्टा दोन्ही टोकांना लोखंडी आकडे असलेला होता. काकांनी तो हातात घेतला आणि सरळ बाजूला ठेवला. ताण आलेला पट्टा सुटला तर तो आकडा काच फोडून माणसापर्यंत पोचतो. आता ताणला जाणारा दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर गाडीला जोडायच्या दोरीच्याच कड्या) आणि ४.७५ टन शिक्का असलेलं एक बो शॅकल (तशीच लोखंडी कडी) आहे. दोराच्या मधोमध जाड गोधडी टाकतो आणि दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देत नाही. गाडी ट्रकवर बांधण्यासाठी दिलेली कडी आणि ओढण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या गाडीवर कोणती कुठे आहे, हे घरी अंगणात बघून ठेवा, चिखलात पालथं पडून शोधू नका.

सप्टेंबरात हिमाचलातलं स्पिती केलं. शिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा असं हळूहळू चढत गेलो आणि कुंझुम खिंडीवरून मनालीकडे उतरलो. उंचीची सवय व्हायला हीच दिशा बरी. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास असतो आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला ते लगेच जाणवतं. कागदावरचे १०५ पीएस तिथे साठच्या घरात उरतात असं धरून चाला. पहिल्या गिअरमध्ये जिथे क्लच जाळावा लागला असता, तिथे मी फोर-लो घातला आणि गाडी शांतपणे चढली.

बाटलपासून छत्रू, ग्राम्फूपर्यंतचे नाले हा तिथला खरा पेपर. ते वितळणाऱ्या बर्फाचे, सकाळी कमी आणि ऊन चढलं की दुपारी भरणारे. आदल्या रात्री लोसरला राहिलो आणि पहाटे निघालो. पाणी माझ्या लाल रेघेच्या बरंच खाली मिळालं. पेट्रोल काझाला पूर्ण भरलं होतं, कारण पुढचा पंप थेट मनालीकडे, आणि टाकी ४० लिटरचीच.

याच प्रवासात एक दिवस मी गाडी चालवली नाही. काझात आदल्या रात्री झोप लागली नव्हती, डोकं ठणकत होतं. की गोंपा (बौद्ध मठ) बघायला जायचं ठरलं होतं. नवऱ्याला चावी दिली नाही, कारण त्याने फोर-लोमध्ये कधी चालवलेली नव्हती. आम्ही दोघांनी खोलीवर थांबून पाणी पीत दिवस काढला. टायर-ऑइल तपासतो तसं आता निघताना एकमेकांना विचारतो: किती तास झोप झाली, काही खाल्लं का.

जिथे मी जात नाही ती यादीही द्यायला हवी. वनखात्याची परवानगी नसलेल्या वाटा. समुद्राची पुळण. पावसाळ्यात प्रशासनाने बंद केलेले रस्ते. आणि एकटी गाडी घेऊन कोणतीही अशी वाट, जिथून चालत गावात पोचायला दोन तासांपेक्षा जास्त लागतील.

परत आल्यावर एक तास गाडीखाली जातो. पोटाखालच्या पत्र्यावर नवे ओरखडे, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांवरच्या रबरी आवरणांना (बूट) चीर, चाकाचे नट, ब्रेकमध्ये अडकलेले खडे. पाण्यातून गेलो असू तर डिफच्या ऑइलचा रंग बघते. दुधाळ दिसलं की पाणी शिरलं. चौदा महिन्यांत एकदाही तसं झालेलं नाही. टायर अजून चार-पाच हजार किलोमीटर जातील, नंतर जाड भिंतीचे, पण याच मापाचे घेणार आहे.

नवरा सध्या त्याच मुरमाच्या टेकाडावर येतो. गेल्या रविवारी त्याच्या अकरा फेऱ्या झाल्या, डावा पाय अजून क्लचकडे जातोच. काका म्हणाले, पुढच्या रविवारी परत या.