ब्लॅकबेरी की-टू: बटणं ठेवून आतलं बदलायला हवं होतं

"जुना की-टू मिळतोय, घेऊ का?" असं ऑफिसातली नवी मुलं मला अधूनमधून विचारतात, कारण माझ्या हातात ब्लॅकबेरीचा हा बटणांचा फोन सतत दिसतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याला दिवसभर इंग्रजीत मेल लिहायचे असतात आणि बँकेच्या कामाला ज्याच्याकडे दुसरा फोन आहे, त्याने जरूर घ्यावा. बाकी कुणी घेऊ नये. त्याच्याच मागोमाग येणारा दुसरा प्रश्न मोठा आहे: बटणांचे फोन करणाऱ्या कंपनीने टचस्क्रीनकडे वळायला हवं होतं का? त्यावरही माझं पक्कं मत आहे. पण आधी फोन.

मी गोव्यात वास्कोला एका शिपिंग एजन्सीत ऑपरेशन्स बघते. मुरगाव बंदरात जहाज आलं की मालक, चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा), स्टीव्हडोर (माल चढवणारा-उतरवणारा), सर्व्हेयर अशा सगळ्यांना एकामागून एक मेल जातात. जहाज अँकरेजला (नांगर टाकायच्या जागी) कधी पोचलं, एनओआर (जहाज तयार असल्याची नोटीस) कधी दिली, बंदराचा पायलट कधी चढला, लोडिंग कधी सुरू झालं, पावसामुळे किती वाजता थांबलं, परत किती वाजता लागलं. या वेळांवरून लेटाइम, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची ठरलेली मुदत, मोजतात आणि लेटाइम संपला की डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतं. १४:१० च्या जागी १४:४० गेलं तर दोन देशांतल्या माणसांचा हिशोब बिघडतो. त्यामुळे मला फोनचा कॅमेरा कसा आहे याच्याशी फारसं देणंघेणं नाही. मी दाबलेलं अक्षर तेच उमटतं की नाही, एवढंच मी आधी बघते.

खनिजाची निर्यात जोरात होती, २०१२ साली खाणी बंद पडायच्या आधी, तेव्हा आमच्या धंद्यात हातोहाती ब्लॅकबेरी असायचा. बहुतेकांकडे त्याचं बोल्ड हे मॉडेल. मांडवी आणि जुवारीतून बार्जी खाली उतरायच्या, बाहेर बार्जींतला माल मोठ्या जहाजात चढवणारे ट्रान्सशिपर उभे असायचे, आणि रात्री दोन वाजताही लाल दिवा लुकलुकला की मेल आलाय हे कळायचं. मी टायपिंग शिकले ती त्याच बटणांवर. म्हणून आमच्या शेजारच्या, जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवट्याने सुट्टीवर आल्यावर आपला की-टू विकायला काढला, तेव्हा मी फार घासाघीस केली नाही.

की-टू २०१८ च्या जूनमध्ये आला आणि जुलैमध्ये भारतात, ४२,९९० रुपयांना. वर साडेचार इंची स्क्रीन, खाली बटणांच्या चार ओळी. आधीच्या की-वनपेक्षा ही बटणं उंचीला वीस टक्के मोठी आहेत आणि वरचा गुळगुळीतपणा काढून त्यांना खरबरीत केलंय. माझ्या मते हाच या फोनमधला सगळ्यात मोठा सुधार. घामट हातांनीही अंगठा घसरत नाही. प्रत्येक बटणाला किंचित कोन दिलेला असल्याने शेजारचं बटण दाबलं जात नाही. आकडे ऑल्ट दाबून मिळतात: डब्ल्यू-ई-आर वर एक-दोन-तीन, त्याखालच्या ओळीत चार-पाच-सहा. म्हणजे जुन्या फोनच्या डायलसारखीच मांडणी. ती अंगठ्यात बसली की वेळ लिहायला खाली बघावं लागत नाही. मी स्टीव्हडोरच्या सुपरवायझरशी बोलता बोलता, त्याच्याकडे बघत, त्याने सांगितलेल्या वेळा लिहिते.

कीबोर्डवर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दुकानात पाच मिनिटं फोन हातात धरून कळणार नाही. तो पूर्ण कीबोर्ड स्पर्शही ओळखतो. त्यावरून बोट वर-खाली फिरवलं की पान सरकतं, डावीकडे ओढलं की आख्खा शब्द पुसला जातो. स्पेसबारमध्येच बोटाचा ठसा घ्यायची सोय आहे. उजवीकडे खाली स्पीड की नावाचं बटण. ते धरून कुठलंही अक्षर दाबलं की ठरवलेलं काम होतं, मग स्क्रीनवर काहीही उघडं असू दे. माझ्याकडे एम वर मेल आहे, टी वर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, आणि सी लांब दाबला की आमच्या कॅप्टनना फोन लागतो. सव्वीस अक्षरं, प्रत्येकाला आखूड आणि लांब दाब, म्हणजे बावन्न कामं लावता येतात. एवढी मला कधी लागली नाहीत.

आता पावसाचं. गोव्यात जून ते सप्टेंबर उघड्यावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ओल्या हाताने टचस्क्रीन चालवणं काय असतं. टचस्क्रीनला बोटाचा दाब कळत नाही. काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बोटामुळे जो बदल होतो तो ती मोजते, आणि पाण्याचा थेंब तसाच बदल घडवतो. मग थेंब स्वतःच कुठलंतरी ॲप उघडतो आणि आपलं बोट मात्र तिला दिसत नाही. जेटीवर छत्री खांद्याला अडकवून "लोडिंग थांबलं, ०३:२५, मुसळधार" असा मेल लिहायचा असेल तर बटणाला तोड नाही. हातरुमालाने पुसायची गरज नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही बटण दाबलं जातं. मात्र की-टूला पाणीरोधक मानांकन नाही. पिशवीतून वापरा म्हणते ते याचसाठी. भिजवायला तो केलेला नाही.

आणि आता ज्या बाबतीत हा फोन मला पुरत नाही ते. मी साखळीची, शाळा मराठीतून झाली, घरचा सगळा व्यवहार मराठीत. आईला मेसेज करायचा असतो तेव्हा माझ्या या लाडक्या बटणांचा काही उपयोग होत नाही. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं छापलेली आहेत आणि ती तशीच राहणार. बाराखडी, जोडाक्षरं, रफार, सगळं त्या बटणांत कोंबणं मला तरी जमलं नाही. मराठी लिहायला मी गूगलचा कीबोर्ड स्क्रीनवर उघडते, आणि साडेचार इंचांच्या स्क्रीनवर तो उघडला की वर चार ओळी उरतात. आमचा बोर्डिंग क्लार्क कुडतरीचा. तो कोंकणी रोमन लिपीत लिहितो, त्यामुळे त्याला हीच बटणं घरच्या भाषेलाही चालतात. त्याच्या तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) ग्रुपवर तो सुसाट लिहीत असतो. एकाच टेबलावर बसणाऱ्या आम्हा दोघांत हा फरक. टचस्क्रीनच्या बाजूने जे काही बोललं जातं त्यात मला हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. काचेवर आज देवनागरी, उद्या रोमन, परवा कन्नड. प्लॅस्टिकवर एकदा छापलं की छापलं. जगभर विकायचा फोन करणाऱ्या कंपनीला हे कधीतरी मान्य करावंच लागणार होतं.

मग टचस्क्रीनकडे वळायला हवं होतं का? टचस्क्रीनचे फोन करायला हवे होते, हो. पण कंपनीचा फोनचा धंदा बुडाला तो बटणांमुळे, असं जे सगळे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.

इतिहास बघा. आयफोन २००७ साली आला. ब्लॅकबेरी करणारी कॅनडातली रिसर्च इन मोशन घाईघाईत २००८ च्या नोव्हेंबरमध्ये स्टॉर्म घेऊन आली. बटणं नसलेला तो त्यांचा पहिला फोन. बटणाचा भास व्हावा म्हणून आख्खी स्क्रीनच दाबली जाईल अशी केली. सगळी स्क्रीन म्हणजे एकच बटण, त्यामुळे दोन अंगठ्यांनी भरभर लिहिणाऱ्याची ओढाताण व्हायची. वर वायफायच नव्हतं. बटणाच्या फोनला काच लावली, पण आतला कारभार जुनाच ठेवला.

त्याच्या एकच महिना आधी दुसरी गोष्ट घडली होती, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. अँड्रॉइडचा बाजारात आलेला पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८. त्याची स्क्रीन सरकवली की खालून पूर्ण कीबोर्ड निघायचा. म्हणजे अँड्रॉइड आलं तेच बटणं घेऊन. नवी प्रणाली आणि बटणं यांचं काही वैर नव्हतं. ब्लॅकबेरीने त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आपला तो जगात सर्वोत्तम कीबोर्ड अँड्रॉइडवर बसवला असता, मेलची आपली सुरक्षित व्यवस्था त्यावर चढवली असती, तर आमच्यासारख्या लोकांना दुसरीकडे जायचं कारणच नव्हतं. कंपनीने २०१० मध्ये क्यूएनएक्स ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली आणि स्वतःची नवी प्रणाली बांधायला बसली. ती यायला जानेवारी २०१३ उजाडला. तोवर ॲप बनवणारे अँड्रॉइड आणि आयफोनच्या दारात जाऊन बसले होते.

आणि नवी प्रणाली आली तेव्हा पुढे कुणाला केलं? पूर्ण टचस्क्रीनच्या झेड-टेनला. भारतात तो ४३,४९० रुपयांना आला, बटणांचा क्यू-टेन मागून. एवढ्या पैशांत आयफोन मिळत असताना ज्याला काचच हवी तो झेड-टेन का घेईल? आणि ज्याला बटणं हवी होती त्याला ताटकळत ठेवलं. २०१२ मध्ये ब्लॅकबेरी वापरणारे सुमारे ८ कोटी लोक होते. त्यातले कित्येक बटणांसाठीच थांबलेले. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने एका तिमाहीत ९६.५ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. त्यातला बहुतांश न खपलेल्या झेड-टेनचा. बटणांचा हट्ट धरून झालेला तोटा हा नव्हे. टचस्क्रीनवर सगळा डाव लावून झालेला तोटा आहे.

पुढे बटणांचा क्लासिक आला. माझ्या मते त्याचा कीबोर्ड की-टूहूनही चांगला, मधोमध ट्रॅकपॅडही. पण २०१७ अखेर व्हॉट्सॲपने ब्लॅकबेरीच्या प्रणालींना आधार देणं बंद केलं. आमच्याकडे बार्जीवाले, सर्व्हेयर, ट्रक ट्रान्सपोर्टवाले सगळे व्हॉट्सॲपवर. आदल्या दिवशी उत्तम असलेला फोन दुसऱ्या दिवशी निकामी. बटणं तीच होती, बोटं तीच होती. लोकांनी क्लासिक ठेवून दिला तो बटणांना कंटाळून नव्हे.

अँड्रॉइड आणि बटणं एकत्र आणायची सुबुद्धी कंपनीला प्रिव्ह या फोनमध्ये सुचली, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये. जी-वननंतर सात वर्षांनी. वर्षभरात, सप्टेंबर २०१६ मध्ये, स्वतः फोन बनवणं थांबवल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि नाव वापरायचा परवाना टीसीएल या चिनी कंपनीला गेला. की-टू हा त्या परवान्याखालचा. म्हणजे जे २०१० मध्ये व्हायला हवं होतं ते बरोबर झालं, पण २०१८ मध्ये, दुसऱ्याच्या हातून, आणि बाजार संपल्यावर. टीसीएलने ऑगस्ट २०२० मध्ये विक्री थांबवली. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी प्रणालींच्या सेवा बंद झाल्या. माझा की-टू अँड्रॉइडवर असल्यामुळे त्यातून सुटला, एवढंच पुरेसं आहे मला माझं म्हणणं पटवून द्यायला.

आज कुणी बटणांचा फोन करायला बसलं तर माझ्या त्याच्याकडून अपेक्षा सरळ आहेत. युनिहर्ट्झसारखी छोटी कंपनी टायटन नावाने असे फोन करतेच आहे, म्हणजे गिऱ्हाईक शिल्लक आहे. सर्वांसाठीचा फोन करायला जाऊ नये. बंदरावरची, कोर्टातली, बातमीदारीतली, रोज पानं-पानं लिहिणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवावीत. अँड्रॉइड ताजं ठेवावं, पाण्यापासून राखावं, बॅटरी बदलता यावी. आणि बटणावरची अक्षरं बदलता येतील अशी काही सोय करावी, म्हणजे मला आईशी बोलायला काच उघडावी लागणार नाही. यातलं शेवटचं झालं तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

तोवर जुना की-टू घेणाऱ्यांसाठी. यात अँड्रॉइड ८.१ आहे; नऊ त्याला कधी मिळालं नाही आणि सुरक्षेचे अपडेट कधीचेच थांबलेत. यूपीआय, बँक, डिमॅट यातलं काही यात ठेवू नका. घेताना नोट्स उघडून प्रत्येक बटण दाबून बघा, विशेषतः स्पेस, ऑल्ट आणि एंटर. स्पेसबारवर ठसा उमटतोय का बघा. स्क्रीनची कड बोटाने तपासा. ती उचललेली दिसली तर आत बॅटरी फुगलेली असू शकते, तसा फोन स्वस्तात मिळाला तरी सोडा. एकाच सिमचा प्रकारही बाजारात होता, म्हणून सिमचा ट्रे बाहेर काढून खात्री करा. काळोखात नेऊन बटणांमागचा उजेड सारखा पडतो का तेही बघा, रात्रीच्या लोडिंगला तो लागतो.

मी स्वतःसाठी आणखी एक बघून ठेवतेय, काळा, दोन सिमचा. विकणारा मडगावचा आहे. रविवारी जाऊन बटणं दाबून बघणार आहे.