आर८१६९ ड्रायव्हर कर्नलमध्येच घालून काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव (आणि रिअलटेक.केओ ची कटकट)

निकाल आधीच सांगून टाकतो. नेटवर्क कार्ड रिअलटेकचं ८१११ किंवा ८१६८ असेल, मशीन एका जागी ठाण मांडून बसणारं असेल आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) तुम्ही स्वतः कंपाइल करत असाल तर मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) आर८१६९ या त्याच्या ड्रायव्हरसमोर एम (वेगळं मॉड्यूल) ठेवू नका, सरळ स्टार (कर्नलच्या आतच) द्या. आणि फर्मवेअरची (कार्डच्या चिपमध्ये चढवायच्या कोडची) फाइल पण कर्नलच्या पोटातच घाला. एवढं केल्यापासून मी निवांत आहे. त्याच्या आधीचे महिने अजिबात निवांत नव्हते आणि ते का नव्हते ते सविस्तर लिहितोय, कारण जो शोधतो त्याला दहा ठिकाणी दहा अर्धवट उत्तरं मिळतात.

माझा सेटअप थोडक्यात. पुण्यातल्या घरी एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालू असतो, वर डेबियन लिनक्स, मॉनिटर-कीबोर्ड काही जोडलेलं नाही, डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करायची पद्धत) एनक्रिप्ट केलेली. म्हणजे लाइट जाऊन आली की मशीन इनिटरॅमएफएस (मुख्य सिस्टिमच्या आधी चढणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) मध्येच पासवर्डची वाट बघत थांबतं आणि मी ड्रॉपबेअर (तिथे चालणारा छोटा एसएसएच सर्व्हर) मधून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, लांबूनच पासवर्ड देतो. आता यातली गोम लक्षात घ्या, नेटवर्क कार्ड हे मुख्य सिस्टिम सुरू व्हायच्या आधीच चालू झालं पाहिजे. नाही झालं तर घरी माणूस पाठवण्याशिवाय उपाय नाही.

सुरुवातीला मी कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस ने (दर नव्या कर्नलसाठी असा ड्रायव्हर आपोआप कंपाइल करणारी व्यवस्था) टाकून वापरत होतो आणि तेव्हा माझं ठाम मत होतं की तोच चांगला, कारण कधीकाळी आर८१६९ वर लिंक पडायची असं बऱ्याच लोकांनी लिहिलेलं वाचलं होतं. हे मत पुढे पूर्ण बदललं. झालं असं की नवीन कर्नल आला आणि बाहेरचा ड्रायव्हर त्यावर कंपाइलच होईना. यात ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तरी काय बोलणार, कर्नलच्या आतली फंक्शन्स स्थिर ठेवायची हमी कर्नलवाले देतच नाहीत, ते त्यांचं उघड धोरण आहे, जे कोड कर्नलच्या झाडात (त्याच्या मूळ सोर्समध्ये) आहे ते बदल करणारा माणूसच दुरुस्त करतो आणि जे बाहेर आहे ते ज्याचं त्याने बघावं. दर अपडेटला हीच धाकधूक, आणि नेटवर्कचाच ड्रायव्हर गेला की दुरुस्तीचा पॅच उतरवायचा तरी कशावरून! मोबाइल यूएसबी ने जोडून काम भागवलं पण तेव्हाच ठरवलं की आता झाडातलाच आर८१६९ वापरायचा आणि कर्नल पण आपल्याला हवा तसा बनवायचा.

कॉन्फिगचं मूलभूत सगळ्यांना माहीत असेलच, चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमधून उचलायची, ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना ठरलेली उत्तरं भरणारी कमांड) चालवायचं, मग मेनूकॉन्फिग. फक्त दोन-तीन जागा सांगतो जिथे हमखास अडकायला होतं.

पहिली, कार्डच्या डब्यावर काय छापलंय ते विसरा. एलएसपीसीआय (मशीनमधल्या कार्डांची यादी देणारी कमांड) ला एनएनके पर्याय देऊन चिपचा आयडी बघा. १०ईसी:८१६८ दिसलं की आर८१६९. १०ईसी:८१२५ म्हणजे अडीच गिगाबिटवालं, तेही याच ड्रायव्हरमध्ये आहे, पण कर्नल ५.४ पासून पुढेच. रिअलटेकच्या मेनूत ८१३९ नावाचे पण पर्याय दिसतात, ते जुन्या शंभर मेगाबिट कार्डांचे, त्याला हात लावायची गरज नाही. आणि यूएसबी ला लावायचं लॅन अडॅप्टर असेल तर तो आर८१५२, तो या मेनूत सापडणारच नाही, यूएसबी नेटवर्क अडॅप्टरच्या वेगळ्या मेनूत बसलाय. सरळ स्लॅश दाबून शोधा, तिथे जागा, अवलंबन, कोणामुळे आपोआप निवडला गेलाय सगळं एकत्र दिसतं.

दुसरी, नेट_व्हेंडर_रिअलटेक ला वाय (म्हणजेच स्टार) दिलं म्हणजे ड्रायव्हर आला असं नाही. तो फक्त दरवाजा आहे. वाय असेल तर आतले प्रश्न दिसतात, एन दिलं तर दिसत नाहीत, बाकी त्याचा कर्नलवर स्वतःचा काही परिणाम नाही, मदतीच्या मजकुरात हे स्वच्छ लिहिलंय. दरवाजे जवळजवळ सगळे आधीपासून उघडेच असतात म्हणून ती यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबत जाते. मी माझ्याकडे नसलेल्या सगळ्या कंपन्यांचे दरवाजे बंद केले, त्याने पुढच्या वेळी प्रश्न कमी येतात.

तिसरी, लोकलमॉडकॉन्फिग, म्हणजे वापरात नसलेले मॉड्यूल वगळून कॉन्फिग छोटी करणारी कमांड. माझं मशीन जुनं, पूर्ण डिस्ट्रोचा (डेबियनसारख्या तयार लिनक्सचा) कर्नल कंपाइल करायचा म्हणजे रात्रभर पंखा ओरडणार आणि वीजबिल मीच भरतो, त्यामुळे हे फार आवडलं. पण ते फक्त आत्ता या क्षणी लोड असलेले मॉड्यूल ठेवतं. मोबाइल त्या वेळी जोडलेला नसेल तर आरएनडीआयएस_होस्ट, सीडीसी_ईथर, यूएसबीनेट हे मोबाइलवरून नेट घ्यायला लागणारं सगळं उडतं, म्हणजे अडचणीच्या वेळचा एकुलता एक रस्ता बंद. कमांडसोबत एलएमसी_कीप या व्हेरिएबलमध्ये ड्रायव्हर्स/नेट/यूएसबी द्या, तो फोल्डर शाबूत राहतो. नाहीतर ते चालवायच्या आधी मोबाइल जोडून टेदरिंग चालू ठेवा.

आता मुख्य विषय, ज्यावर मला खरं बोलायचंय.

पहिल्या फेरीत मी आर८१६९ मॉड्यूल म्हणूनच ठेवला होता, डिस्ट्रो तसंच करते म्हणून. कर्नल चालला, नेट चाललं, वेग मस्त, आठवडेच्या आठवडे काही तक्रार नाही. मग गणपतीला गावी चिपळूणला आलो आणि पुण्यात लाइट गेली. लाइट आली, मशीन चालू झालं असणार, पण ड्रॉपबेअर उत्तर देईना. पिंग नाही, काही नाही. धाकट्या भावाला पाठवलं, त्याने बिचाऱ्याने आपला टीव्ही उचलून नेऊन जोडला आणि स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात ओळ होती की या पीएचवाय (कार्डचा केबलकडचा भाग) आयडी साठी खास ड्रायव्हर सापडला नाही, रिअलटेक.केओ इनिटरॅमएफएस मध्ये टाकायला लागेल का बघा. आणि खाली प्रोब फेल (ड्रायव्हरला कार्ड सुरू करता आलं नाही), एरर उणे ४९.

मी ती ओळ वाचून खरंच खूश झालो. एरर मेसेज असा असावा! काय झालं ते सांगितलं, का झालं ते सांगितलं आणि काय करायचं ते पण सांगितलं, फाइलच्या नावासकट. आकड्यांचा नुसता ढीग टाकून मोकळं होणारे ड्रायव्हर पाहिलेत म्हणून याची किंमत कळते. आर८१६९ ची देखभाल बरीच वर्षं हाइनर कालवाइट करतायत आणि या माणसाने त्या जुन्या गुंत्याच्या कोडचं जे केलंय त्याला तोड नाही.

पण मग मुळात हा घोळ होतोच का? याच्यावर मी फार वेळ घालवला. कार्डमध्ये दोन भाग असतात, एक पीसीआय च्या बाजूचा आणि एक प्रत्यक्ष केबलच्या बाजूचा, त्याला पीएचवाय म्हणतात. पूर्वी आर८१६९ दोन्ही एकटाच सांभाळायचा. कर्नल ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, पीएचवाय चं काम कर्नलच्या फिलिब या सामाईक लायब्ररीकडे गेलं आणि रिअलटेकच्या पीएचवाय चा ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहे, तोच हा रिअलटेक.केओ. आता गंमत अशी की आर८१६९ त्या मॉड्यूलमधलं एकही फंक्शन थेट बोलावत नाही, फिलिब आयडी बघून जोडी जुळवते. त्यामुळे डेपमॉड (कोणतं मॉड्यूल कोणावर अवलंबून ते नोंदवणारी कमांड) ला हे नातं दिसतच नाही आणि मॉड्यूल्स.डेप मध्ये त्याची नोंद होत नाही. नोंद असते ती मॉड्यूल्स.सॉफ्टडेप मध्ये. इनिटरॅमएफएस बनवणारी माझी छोटी स्क्रिप्ट फक्त मॉड्यूल्स.डेप वाचते, आणि अशा स्क्रिप्ट लोकांकडे ढिगाने आहेत, जुन्या मार्गदर्शकांत तीच पद्धत दिलीय कारण तेव्हा तेवढं पुरायचं. मुख्य सिस्टिम उठल्यावर मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) सॉफ्टडेप वाचतो म्हणून तिथे सगळं बिनबोभाट चालतं, म्हणूनच हा दोष महिनोन्महिने लपून राहतो आणि नेमका तुम्ही लांब असताना उघडा पडतो. ज्या अवलंबनाशिवाय कार्ड उठतच नाही त्याला सॉफ्ट म्हणायचं हे मला आजही पटलेलं नाही.

उपाय दोन. एक, इनिटरॅमएफएस च्या मॉड्यूल यादीत रिअलटेक हे नाव हाताने घाला. डेबियनचं नेहमीचं इनिटरॅमएफएस-टूल्स वापरत असाल तर इटीसी मधल्या त्याच्या फोल्डरात मॉड्यूल्स नावाची फाइल आहे, त्यात एक ओळ लिहून अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. दुसरा, जो मी केला, आर८१६९ लाच स्टार. तो स्टार झाला की के-कॉन्फिग (कर्नलच्या पर्यायांची व्यवस्था) मधल्या सिलेक्ट (एक पर्याय निवडला की दुसराही निवडणारी सूचना) मुळे रिअलटेक_पीएचवाय आणि फिलिब आपोआप वाय होतात, विसरायला काही शिल्लकच राहत नाही. इथे कॉन्फिगची व्यवस्था स्वतःच जोडी सांभाळते आणि हा माझ्या लेखी बिल्ट-इन चा सगळ्यात मोठा फायदा आहे, बूट थोडं लवकर होणं वगैरे बाकीचे फायदे यापुढे किरकोळ.

फक्त स्टार दिल्यावर एक नवीन गोष्ट निघाली, फर्मवेअर. मॉड्यूल असताना स्क्रिप्ट मॉडइन्फो (मॉड्यूलची माहिती देणारी कमांड) ला विचारून फर्मवेअर उचलायची, आता मॉड्यूलच नाही तर विचारणार कोणाला. लॉगमध्ये आरटीएल_एनआयसी/आरटीएल८१६८एच-२.एफडब्ल्यू लोड झाली नाही, उणे २ (म्हणजे फाइल सापडली नाही). कार्ड त्याशिवायही चालतं, लिंक येते, पण ती फाइल चिपमधल्या दुरुस्त्यांसाठी दिलेली असते तर ती न घालता महिनोन्महिने चालवणं मला पटत नाही. कॉन्फिगच्या एक्स्ट्रा_फर्मवेअर पर्यायात हे नाव द्या, आणि त्याच्या डायरेक्टरीच्या पर्यायात लिब/फर्मवेअर. आपली फाइल कोणती ते डीमेसेज (कर्नलचा लॉग) मध्ये चिपचं नाव बघून ठरवा, माझं आरटीएल८१६८एच निघालं, दुसऱ्याचं दुसरं असेल. काही डिस्ट्रो फर्मवेअर एक्सझेड किंवा झेडस्टँडर्ड मध्ये दाबून ठेवतात, ती फाइल आधी सोडवून घ्या, इथे दाबलेली चालत नाही. आणि असा कर्नल स्वतःपुरता ठेवा, दुसऱ्यांना वाटायचा असेल तर जीपीएल (कर्नलचं लायसन्स) चा प्रश्न येतो, कॉन्फिगच्या मदतीतच तसा इशारा आहे.

मध्यंतरी बिल्ट-इन बद्दल माझं मन जरा खट्टू झालं होतं. पावसाळ्यात विजेचा लपंडाव झाला की कधीकधी कार्ड रुसतं, मॉड्यूल असताना काढून परत घालता यायचं, आता काढणार काय? वाटलं परत एम करावं. मग कळलं की सिस फोल्डरमध्ये आर८१६९ च्या नावाखाली अनबाइंड आणि बाइंड फाइल असतात, त्यात कार्डचा पीसीआय पत्ता लिहिला की ड्रायव्हर सुटतो आणि परत बसतो, बिल्ट-इन असला तरी. अर्थात एसएसएच वरून करत असाल तर दोन्ही कमांड एकाच ओळीत द्या. ते कळल्यावर एम कडे परत जायचं कारणच संपलं. एलएसमॉड (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) मध्ये ड्रायव्हर दिसत नाही म्हणून घाबरू नका, एलएसपीसीआय मध्ये दिसतो.

दुकानदार पहिल्यापासून म्हणत होता की हे कार्ड फेका आणि इंटेलचं घ्या. चालतं कार्ड कशाला फेकायचं? मित्राकडचं एक जुनं इंटेल कार्ड काही दिवस लावून बघितलं, ई१०००ई ड्रायव्हरवालं. कार्ड उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण त्याला स्टार द्यायला गेलो तर एम च्या वर जाईना. कारण शोधलं तर नव्या कर्नलमध्ये ई१०००ई हा पीटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) च्या घड्याळावर अवलंबून आहे, आणि माझ्या कॉन्फिगमध्ये ते घड्याळ एम होतं. ज्यावर अवलंबून तो एम असेल तर अवलंबणारा वाय होऊच शकत नाही. आधी पीटीपी_१५८८_क्लॉक ला वाय करा किंवा पूर्ण काढून टाका, मग ई१०००ई ला स्टार मिळतो. वायफाय ला पण हाच नियम, तिथे सीएफजी८०२११ (वायफायचा सामाईक भाग) आड येतो. तेव्हा पैसे टाकून कार्ड बदललं तरी के-कॉन्फिग समजून घ्यावंच लागतं, मग आहे तेच काय वाईट. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं साधन) मध्ये माझं रिअलटेक ९४० मेगाबिटच्या आसपास देतं, गिगाबिट केबलवर टीसीपी ने याहून फारसं जास्त काही निघत नसतं.

आता माझी पद्धत ठरलीय. नवा कर्नल टाकला की ग्रबमध्ये (बूटच्या वेळचा मेनू) जुना तसाच ठेवतो, घरी असतानाच मशीन पूर्ण बंद करून चालू करतो, नुसतं रीस्टार्ट नाही, आणि दुसऱ्या खोलीतून ड्रॉपबेअर ला एसएसएच करून पासवर्ड देऊन बघतो. मुख्य सिस्टिममध्ये नेट चालतंय यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, इनिटरॅमएफएस मध्ये चाललं तरच पास. कॉन्फिग फाइल गिटमध्ये ठेवलीय, नव्या आवृत्तीवर ओल्डकॉन्फिग चालवून बदललेल्या ओळी बघतो, नेट आणि पीएचवाय मधल्या तर प्रत्येक.

तुमच्याकडे आठ-एक-दोन-पाच वालं अडीच गिगाबिट कार्ड असेल आणि ते असंच बिल्ट-इन करून इनिटरॅमएफएस मध्ये उठवलं असेल तर कोणती फर्मवेअर फाइल लागली ते नक्की लिहा, पुढचा मदरबोर्ड घ्यायचाय आणि त्यावर तेच येतंय.