कृष्णकमळ, पॅशनफ्रूट की वेलघाणी: गुणसूत्रं मोजायला कोणता वेल घ्यावा?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पॅसिफ्लोरा, म्हणजे कृष्णकमळाची प्रजाती, घ्यायची इथवर तुझं ठरलंय. आता साताऱ्यात बसून नक्की कुठल्या वेलाला हात घालायचा, एवढंच बाकी आहे.

कृष्णकमळाची मोजणी आपल्या घरोघरी होते: शंभर कौरव, पाच पांडव, वर ब्रह्मा-विष्णू-महेश. पेशीत मात्र गुणसूत्रं 18. पॅशनफ्रूटमध्येही 18 च. म्हणजे हे दोघे शेजारी ठेवून हाती नवीन काही लागत नाही. शिवाय नर्सरीतलं कृष्णकमळ बरेचदा संकरित असतं, पाटीवरच्या नावावर प्रबंध उभा करू नकोस. पॅशनफ्रूटची कळी मोठी आणि परागकोष भरघोस, त्यामुळे अर्धसूत्री विभाजनातल्या (परागकण बनताना पेशीचं जे विभाजन होतं, त्यातल्या) 9 जोड्या नवख्या हातालाही सापडतात. हात बसवायला तेच घे.

खरी गंमत वेलघाणीत आहे, म्हणजे पॅसिफ्लोरा फीटिडात. ही कुंपणावर फुकट मिळते. बहुतेक नोंदी 20 च्या, पण 18 आणि 22 च्याही आहेत. म्हणजे तुला विचारायला प्रश्न तयारच आहे. अडचण अशी की 18 आणि 20 मधला फरक एका बिघडलेल्या स्लाइडने पुसला जातो. मी एकदा 19 मोजून आठवडाभर हवेत होतो, विसावं गुणसूत्र दुसऱ्याखाली दडलं होतं. नीट पसरलेल्या भरपूर पेशी मिळाल्याशिवाय आकडा लिहू नकोस.

पॅसिफ्लोरा सुबेरोसा या आणखी एका जातीचा मोह होईल. तिच्या गटाचा मूळ आकडा (गुणसूत्रांच्या एका संचाचा) 6, आणि एकाच जातीत 12, 24, 36 अशा पटी नोंदलेल्या. कागदावर याहून सुरेख विषय नाही. पण फूल बिनपाकळ्यांचं, चिमुकलं, आणि गुणसूत्रंही बारीक. कुणा फुलपाखरूवेड्याच्या बागेत वेल मिळाला आणि हाताशी दोन वर्षं असली तरच त्या वाटेला जा. पॅसिफ्लोराचीच 24 गुणसूत्रांची, झाडासारखी वाढणारी वेगळी भावंडं दक्षिण अमेरिकेत, ती सोडूनच दे.

माझं मत: वेलघाणी मुख्य, पॅशनफ्रूट जोडीला. पेशी आहे त्या अवस्थेत थांबवायला तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणाची बाटली खिशात ठेवूनच सकाळी कुंपणाजवळ जा. वेलघाणीच्या कळीभोवती चिकट केसांची जाळी असते. ती आधी सोलून काढ आणि मगच कळी बाटलीत टाक.