पॉपिन्स इटॅलिक: एका रेडियमवाल्याचा अनुभव

सांगलीत माझं रेडियम कटिंग आणि लेबल डिझाइनचं छोटं दुकान आहे. मार्केट यार्डातल्या हळदवाल्यांची मागणी ठरलेली: "अक्षर जरा पळतंय असं दिसू दे की." म्हणजे तिरकं पाहिजे. इतकी वर्षं मी कुठलाही सरळ फॉन्ट घेऊन वीसेक अंशांनी स्क्यू करायचो, म्हणजे कॉम्प्युटरवर ओढून तिरका करायचो. त्यात 'ठ' आणि 'ढ'चं पोट चेपलेल्या लिंबागत व्हायचं. गिऱ्हाईक "चालतंय" म्हणायचं, पण मला ते खुपायचं.

दिवाळीपासून पॉपिन्स इटॅलिक, म्हणजे पॉपिन्स फॉन्टचं तिरकं रूप, वापरतोय. फॉन्ट अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. देवनागरी निनाद काळे यांची, इंग्रजी जॉनी पिनहॉर्न यांची. थिनपासून ब्लॅकपर्यंत ९ जाडी आणि प्रत्येकीची तिरकी जोड, म्हणजे एकूण १८ फॉन्ट. सगळे फुकट, विकायच्या पाकिटावरही चालतात.

अक्षरांची बांधणी वर्तुळावर आहे आणि झुकाव बेताचा, त्यामुळे 'राजापुरी हळद' लिहिलं की काने एका ओळीत कलतात, शिरोरेषा मात्र आडवी ती आडवीच. जोडाक्षरं भरपूर आहेत. पण मला खरा उपयोग झाला पाकिटाच्या मागच्या बाजूला. तिथं मराठीशेजारी इंग्रजीत एमआरपी, वजन, बॅच नंबर येतात. यातली इंग्रजी कॅपिटल्स देवनागरीपेक्षा बुटकी ठेवलीत, म्हणून एमआरपी मराठीच्या डोक्यावर बसत नाही. आधी प्रत्येक वेळी इंग्रजीचा पॉइंट साइज हातानं कमी करावा लागायचा. इंग्रजी छोटा 'ए' सरळमध्येही एकमजली गोल आहे, इटॅलिकमध्ये तो फक्त कलतो. हाताच्या वळणाचं इटॅलिक हवं असेल त्यानं दुसरा फॉन्ट बघावा.

रेडियमवाल्यांनो, एक सांभाळा. शिरोरेषेवर अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. वेल्ड न करता, म्हणजे अक्षरं जोडून एकच आकार न करता, फाइल प्लॉटरला (कापायच्या मशिनला) सोडली तर ब्लेड प्रत्येक सांध्यावर कापतं. मी घाईत एका ट्रॉलीचं नाव तसंच कापलं आणि लावताना शिरोरेषेचे तुकडे नखानं उचलत बसलो. चूक माझीच, मीटरभर रेडियम गेलं. ब्लॅक जाडी छोट्या लेबलवर घेऊ नका, 'क्ष'ची पोकळी शाईनं बुजते. सेमीबोल्ड पुरतो.

आणि लग्नपत्रिकेला हा फॉन्ट अजिबात नको. तिरकेपणा एका ओळीपुरता शोभतो. परवा एक पाहुणे हटूनच बसले, "अख्खी पत्रिका तिरकी करा, ओ." मी एक प्रिंट काढून हातात दिली आणि म्हटलं, वाचून दाखवा. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' झालं, मुलाचं नाव झालं, चौथ्या ओळीला त्यांनी कागद तिरका धरला, मग मानच तिरकी केली. म्हणाले, "राहू दे, सरळच करा."