फास्प की एसपी-3 : एसडीएसमधून प्रथिने सोडवताना

एसडीएस या तीव्र डिटर्जंटमध्ये पेशी फोडल्या की पेशीपटलातील चिवट प्रथिनेही विरघळतात. पण तेच एसडीएस पुढे प्रथिनांचे लहान तुकडे (पेप्टाइडे) करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवते आणि रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये पेप्टाइडांचे सिग्नल दाबून टाकते. ते काढण्यासाठी मी फास्प (फिल्टरवर प्रथिने धुण्याची) आणि एसपी-3 (चुंबकीय मण्यांवर धुण्याची) या दोन्ही पद्धती नियमितपणे वापरल्या आहेत, आणि नव्याने निवड करणाऱ्यांना त्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच येथे हेतू आहे.

2009 साली मांडली गेलेली फास्पची कल्पना मला आजही देखणी वाटते. 8 मोलर युरियामुळे एसडीएस प्रथिनांपासून सुटते व फिल्टरमधून निघून जाते, तर उलगडलेली प्रथिने अधिक जागा व्यापत असल्याने 30 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) फिल्टरवर त्याहून लहान प्रथिनेही बऱ्याच अंशी अडकून राहतात. लागतो तो फक्त सेंट्रिफ्यूज, आणि तो सगळीकडे असतो.

माझा निर्णय मात्र फिल्टर तुंबण्यावर ठरला. एकाच रोटरमध्ये शेजारी ठेवलेल्या नळ्यांपैकी काही कोरड्या होतात आणि काहींत द्रव तसाच उभा राहतो. उरलेल्यांसाठी पुन्हा फिरवावे, तर आधीच्या नळ्यांचे पडदे सुकतात. न फिरवावे, तर धुणे अपुरे राहते. डीएनए नीट तुटला नसेल तर हा प्रकार हमखास होतो. शिवाय युरियाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून सेंट्रिफ्यूज थंड करता येत नाही, आणि कार्बामिलीकरणाच्या (युरियामुळे प्रथिनांत होणाऱ्या नको असलेल्या रासायनिक बदलाच्या) भीतीने तापवताही येत नाही. नियंत्रण आणि उपचारित नमुन्यांची तुलना करायची असताना प्रत्येक नळीचा इतिहास वेगळा असावा, हे मला फार खटकते.

2014 साली हायडेलबर्गच्या ईएमबीएल या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या एसपी-3मध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. साधारण 50 टक्के इथेनॉलमध्ये प्रथिने चुंबकीय बीड्सवर (सूक्ष्म मण्यांवर) साकळतात, 80 टक्के इथेनॉलने एसडीएस धुतले जाते, आणि सर्व नळ्या एकाच वेळी चुंबकावर लागून एकाच वेळी मोकळ्या होतात. थोड्या पेशींच्या नमुन्यांत फिल्टरवर होणारा तोटाही माझ्या अनुभवात येथे बराच कमी जाणवतो.

अर्थात, फार विरळ नमुन्यात प्रथिने नीट साकळत नाहीत. तेथे फिल्टरने आधी संहत करणे इष्ट, आणि मूत्रासारख्या नमुन्यांसाठी कोणी फास्पच पसंत केली तर मी आग्रह धरणार नाही. डीएनए शिल्लक असेल तर बीड्सचाही चिकट गोळा होतो, म्हणून सोनिकेशन (ध्वनिलहरींनी डीएनए तोडणे) किंवा बेन्झोनेज (डीएनए कापणारे विकर) दोन्हीकडे हवेच. साकळलेले बीड्स पिपेटने वरखाली ढवळू नयेत, ते टिपच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. इथेनॉल नळीच्या कडेने हलकेच सोडावे. ट्रिप्सिनने पचन झाल्यावर पेप्टाइडे नव्या नळीत घेऊन ती पुन्हा एकदा चुंबकावर ठेवावी, कारण मागे राहिलेले थोडे बीड्सही एलसीचा (मास स्पेक्ट्रोमीटरआधी पेप्टाइडे वेगळी करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीचा) कॉलम तुंबवू शकतात.